टसर पतंग: नर कोणता, मादी कोणती?

ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या झाडावर वाढणारा, टसर रेशमाचा कोसा म्हणजे कोश विणणारा हा पतंग एकदा पाहिला की विसरत नाही. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण १५ ते १८ सेंटिमीटर, आणि चारही पंखांवर काचेसारखा आरपार दिसणारा एकेक गोल ठिपका. त्याचे शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा. ड्रू ड्रुरी यांनी १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. जुन्या लिखाणात तो अँथेरिया पाफिया या नावानेही भेटतो, त्यामुळे दोन नावे पाहून दोन वेगळे पतंग समजू नयेत.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत टसरची शेती होते. तिथे नर-मादी ओळखणे हे रोजचे काम आहे, आणि ते चुकले तर अंडी वाया जातात. सह्याद्रीच्या जंगलात हाच पतंग रानटी स्थितीत असतो आणि पावसाळ्यात दिव्याच्या उजेडाला येऊन भिंतीवर बसतो. तिथे फोटो काढणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो. दोघांनाही सगळ्यात आधी सांगायची गोष्ट एकच: रंगावरून निर्णय देऊ नका, मिशी बघा.

आधी पतंग टसरचाच आहे ना, ते पाहा

ठिपक्याच्या मधली चकती गोल हवी. त्या जागी खवले नसतात, म्हणूनच ती पारदर्शक दिसते. पंखामागे बोट धरले तर बोट दिसले पाहिजे. चकतीभोवती पिवळसर, तांबूस आणि काळपट अशी बारीक कडी असतात. पुढच्या पंखाची वरची कड करड्या रंगाची असते, आणि ही करडी पट्टी मानेच्या पुढून दोन्ही पंखांना जोडत गेल्यासारखी दिसते, जणू गळ्याभोवती गुंडाळलेला मफलर. पंखांच्या बाहेरच्या बाजूला, कडेच्या थोडे आत, एक रेघ पुढच्या पंखाच्या टोकाजवळून निघून मागच्या पंखावर उतरते.

ही पारदर्शक खिडकी त्रिकोणी असेल आणि पंखांचे टोक सापाच्या डोक्यासारखे वळलेले असेल, तर तो अ‍ॅटलास पतंग. रंग फिकट हिरवा आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या असतील, तर तो मून पतंग. हे दोन बाजूला काढले की आपल्या भागात टसरबद्दल फारसा घोळ उरत नाही.

जवळ काय ठेवावे

सामान फार लागत नाही. १० पट मोठे दाखवणारे हातभिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, मऊ केसांचा चित्रकलेचा ब्रश, पांढरा कागद आणि टॉर्च. टॉर्चवर लाल सेलोफेन कागद बांधला तर रात्री पतंग कमी बिथरतात. कोश तोलायचे असतील तर ग्रॅमचा किमान दहावा भाग दाखवणारा डिजिटल काटा हवा.

एक वस्तू लोक हमखास विसरतात: मास्क. पतंग फडफडले की खवल्यांची बारीक धूळ उडते. शेकडो पतंगांच्या खोलीत ती नाकातोंडात जाऊन शिंका, डोळ्यांची जळजळ आणि दम्याचा त्रास होतो. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच आत जावे.

हातात कसा धरावा

पतंग बसलेला असताना त्याचे पंख पाठीवर मिटवून, चारही पंख मुळाजवळ अंगठा आणि तर्जनीत अलगद धरावेत. पंखाचे टोक धरले तर तो फडफडून पंख फाडून घेतो. मादीला पोटाजवळ कधीही दाबू नये, आत अंडी भरलेली असतात. कोशातून नुकत्याच निघालेल्या पतंगाला तर हातच लावू नये. त्याचे पंख ओले आणि मऊ असतात, आणि त्या वेळी पडलेली घडी आयुष्यभर तशीच राहते.

मिशी: पहिला आणि शेवटचा पुरावा

पुस्तकी भाषेत ज्यांना स्पर्शिका म्हणतात त्या डोक्यावरच्या दोन मिशा. टसरच्या दोन्ही लिंगांत त्या पिसासारख्या असतात, आणि गोंधळ इथेच सुरू होतो. ‘पिसासारखी मिशी म्हणजे नर’ हे अर्धवट ऐकलेले वाक्य डोक्यात ठेवून पाहणारा मादीलाही नर ठरवतो, कारण मादीच्या मिशीलाही दोन्ही बाजूंना दाते असतात. पाहायचे ते दात्यांची लांबी आणि मिशीची एकूण रुंदी.

नराची मिशी रुंद असते, मधोमध फुगीर आणि टोकाकडे निमुळती, एखाद्या नेच्याच्या पानासारखी. तिचे दाते लांब, दाट आणि एकमेकांना लागून असतात. भिंगाखाली पाहिले तर त्या दात्यांवरही बारीक केस दिसतात. मादीची मिशी अरुंद, जवळजवळ एकसारख्या रुंदीची. दाते आखूड आणि विरळ, मधला दांडा स्पष्ट दिसतो. नराच्या मिशीत तो दांडा दात्यांच्या गर्दीत हरवतो.

पट्टी लावून मोजायचे असेल तर मिशी जिथे सर्वांत रुंद आहे तिथे, म्हणजे साधारण मध्यावर मोजावी. नराची रुंदी मादीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त भरते. दोन पतंग शेजारी ठेवले तर पट्टीची गरजच पडत नाही. एकच पतंग समोर असेल तर स्वतःला असे विचारावे: मिशी पान दिसते की कंगव्याची पातळ पट्टी?

हा फरक इतका मोठा का, हेही समजून घ्यावे, मग तो लक्षात राहतो. मादी फारशी उडत नाही. अंधार पडल्यावर एका जागी बसून ती पोटाचे टोक बाहेर काढते आणि हवेत गंध सोडते. तो गंध लांबून हुंगून तिच्यापर्यंत पोहोचायचे काम नराचे. जितकी मिशी रुंद, तितका हवेतला गंध जास्त पकडला जातो. मादीला असे काही शोधायचेच नसते.

मिशी पाहताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. दिवसा विसावलेल्या पतंगाची मिशी पंखाच्या पुढच्या कडेखाली सरकलेली असते. वरून फक्त दांड्याचा भाग दिसतो आणि नर मादी वाटतो. अशा वेळी ब्रशच्या टोकाने पंखाची कड किंचित उचलावी. नुकत्याच निघालेल्या नराच्या मिशीचे दाते ओले असल्याने एकमेकांना चिकटून असतात, ती अरुंद दिसते. पंख पूर्ण सुकेपर्यंत थांबून मग पाहावे. आणि फोटो बाजूने काढला तर रुंद मिशीही रेघेसारखी येते. फोटो नेहमी डोक्याच्या बरोबर वरून किंवा समोरून, मिशीचे पान कॅमेऱ्याकडे असेल असा घ्यावा.

पोट

मादीचे पोट जाड, गोलसर आणि अंड्यांमुळे जड असते. एक मादी साधारण १५० ते २५० अंडी घालते, आणि ती बाहेर पडण्याआधीच बरीचशी तयार होऊन पोटात बसलेली असतात. नराचे पोट बारीक आणि टोकाकडे निमुळते.

पण पोटावर एकट्याने भरवसा ठेवू नये, आणि यामागे दोन पक्की कारणे आहेत. कोशातून निघालेला कोणताही पतंग पंख फुगवून झाल्यावर शरीरात साठलेला द्रव टाकतो. तो टाकण्याआधी नराचे पोटही चांगले टम्म असते. उलट अंडी घालून झालेली मादी दोन-तीन दिवसांत इतकी खंगते की पोटावरून तिला नर म्हणावेसे वाटते. म्हणून पोट पाहायचे ते टोकाशी. नराच्या टोकाला मिलनाच्या वेळी मादीला पकडून ठेवणारे दोन पकडीसारखे भाग असतात, त्यामुळे टोक चिरल्यासारखे आणि केसाळ दिसते. मादीचे टोक बोथट, गोल, आणि मधे अंडी घालण्याचे छिद्र. मिशा तुटलेल्या मेलेल्या पतंगात हाच पुरावा उपयोगी पडतो.

पंखांची ठेवण आणि आकार

पुढच्या पंखाचे टोक नरात विळ्यासारखे बाहेर वळलेले असते आणि त्याखालची कड आत खोल गेलेली असते. मादीचा पंख रुंद, टोक कमी वळलेले, बाहेरची कड बरीचशी सरळ. फक्त पंखांचा फोटो हाती असेल तेव्हा ही खूण सर्वांत कामाची.

आकाराने मादी मोठी. मात्र पंखविस्तार मोजण्याचा मोह टाळावा. तो पतंग पंख किती पुढे-मागे घेऊन बसला आहे त्यावर बदलतो. त्याऐवजी एका पुढच्या पंखाची खांद्यापासून टोकापर्यंतची लांबी मोजा. आणि तुलना एकाच पिकातल्या, एकाच झाडावर वाढलेल्या पतंगांमध्येच करा. पोट भरून पाला मिळालेल्या अळीचा नर हा उपाशी वाढलेल्या मादीएवढा होऊ शकतो.

इतर पतंगांच्या अभ्यासातून आलेले लोक इथे एक चूक करतात. पुष्कळ कुळांत मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ केस असतो आणि तो पुढच्या पंखाला अडकतो. नरात एकच जाड केस, मादीत अनेक बारीक, आणि त्यावरून लिंग ठरते. टसर ज्या सॅटर्निडी कुळातला आहे त्यात हा केस नसतोच. तो शोधत बसू नये.

रंग

सर्वसाधारणपणे नर तांबूस-तपकिरी, विटकरीकडे झुकणारा असतो आणि मादी पिवळसर किंवा करडी. बरेच जण इथेच थांबतात, कारण शंभर पतंगांच्या ढिगात हा फरक लांबूनच दिसतो. पण मादीत पिवळी आणि करडी अशी दोन्ही रूपे एकाच पिकात येतात, तपकिरी झाक असलेल्या माद्या निघतात, आणि नरांतही करडेपणा येतो. टसरच्या वेगवेगळ्या भागांतल्या स्थानिक जाती आहेत. डाबा, रैली, मोडल, सुकिंदा, लरिया, सारिहान आणि आपल्याकडची भंडारा. त्यांच्या रंगांत आणि आकारांत फरक असतो, म्हणून एका जातीवर शिकलेला रंगाचा ठोकताळा दुसऱ्या जातीवर चालवणे धोक्याचे.

शिवाय पतंग जुना झाला की खवले झडतात. नर रात्रभर फडफडत असल्याने त्याचे पंख लवकर विटतात आणि कडा फाटतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात तर करडी मादीही तपकिरी दिसते. रंग नोंदवायचाच असेल तर सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून नोंदवावा.

कोशावरून ओळखता येते का?

काही प्रमाणात. मादीचा कोश मोठा आणि जड असतो. बीजासाठी, म्हणजे पुढच्या पिकाच्या अंड्यांसाठी, कोश निवडताना नर-मादी अंदाजे निम्मे-निम्मे यावेत म्हणून वजनाचा उपयोग करता येतो. पद्धत अशी: एकाच पिकातले, एकाच दिवशी उतरवलेले किमान ५० कोश घ्या. प्रत्येकावर क्रमांक घाला, सगळे एकाच दिवशी तोला. दिवस जातील तसे आतली कोशिका, म्हणजे अळी आणि पतंग यांच्यामधली अवस्था, हलकी होत जाते, त्यामुळे आज २५ आणि पुढच्या महिन्यात २५ असे तोलले तर तुलना बिघडते. नंतर प्रत्येक कोश वेगळ्या कप्प्यात ठेवून कोणता नर निघाला, कोणती मादी, याची नोंद करा. मग तुमच्या पिकापुरती सीमारेषा कळते. मधल्या वजनांत दोन्ही निघतात, ते गृहीतच धरावे. आणि हलका कोश म्हणजे नर असे समजण्याआधी तो कानाजवळ हलवून पाहावा. आत जिवंत कोशिका असेल तर जड, भरीव ठोका लागतो, मेलेली आणि सुकलेली असेल तर खुळखुळते.

कोशिका उघडून पाहिली तर मात्र खात्री होते. टसरचा कोश कठीण असतो आणि कापल्यावर त्याचा सलग धागा निघत नाही, म्हणून हे नमुन्यापुरतेच करावे. पतंगाचे डोके देठाच्या बाजूला असते. देठ वर करून कोश उभा धरला की कोशिका खाली सरकते. मग देठाच्या लगेच खाली धारदार ब्लेडने टोपीसारखा काप घ्यावा आणि कोशिका कागदावर अलगद उतरवावी. पोटाच्या बाजूने पाहिले की डोक्यापासून खाली गेलेल्या मिशांचे उठाव दिसतात. नरात रुंद, मादीत अरुंद. दुसरी खूण शेवटाकडे: मादीच्या पोटाच्या आठव्या वलयावर मधोमध एक बारीक उभी रेघ असते, नराच्या नवव्या वलयावर एक छोटा ठिपका. वलये मागून मोजावीत, शेवटचे दहावे. भिंगाशिवाय हे दिसत नाही.

बाहेर येण्याची वेळ, आणि तेव्हा काय बिघडते

पतंग संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या भागात निघतात. त्याआधी कोशाचे देठाकडचे टोक ओले होते. पतंगाच्या तोंडातून येणारा द्रव धाग्यांना जोडणारा डिंक मऊ करतो. धागे बाजूला सारले जातात, आधी डोके आणि पुढचे पाय येतात, मग ओला, चुरगळलेल्या पंखांचा, जाड पोटाचा जीव बाहेर खेचला जातो. तो लगेच वर चढतो. त्याला उलटे लटकायला जागा हवी, कारण पंख खाली लोंबत असतानाच त्यांत द्रव भरून ते सरळ होतात. कोश टोपलीत ढिगाने ठेवले तर पतंग एकमेकांच्या अंगावर पडतात आणि पंख आखडलेलेच राहतात. हवा कोरडी असली तरी तेच होते. खोलीत आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २५ ते २८ अंश ठेवावे. कोश दोरीत ओवून, एकमेकांपासून थोडे अंतर सोडून टांगावेत. पंख न उलगडलेल्या पतंगाचे लिंगही चुकीचे ठरते, कारण पंखांची ठेवण दिसत नाही आणि बघणारा पोटाकडे वळतो.

सुरुवातीच्या दिवसांत नर जास्त निघतात, शेवटी माद्या जास्त. पहिल्या दोन-तीन रात्री पाहून ‘या पिकात नरच आहेत’ असा निष्कर्ष काढू नये. आधी निघालेले नर थंड जागी शांत ठेवले तर नंतरच्या माद्यांसाठी उपयोगी पडतात. या पतंगाला खाता येत नाही, त्याचे तोंड कामाचे नसते, तो अळीने साठवलेल्या अन्नावरच काही दिवस जगतो. म्हणून नराची ताकद वाया जाऊ न देणे महत्त्वाचे. तोच नर विश्रांतीनंतर दुसऱ्या मादीसाठी चालतो, तिसऱ्यांदा मात्र अंडी फळण्याचे प्रमाण घटते.

वेगळे केल्यावर

जोड्या रात्री उशिरा आणि पहाटे लागतात. नर कमी पडत असतील तर चार ते सहा तासांनी जोडी सोडवता येते. ती हिसकून तोडू नये. मादीचे पंख एका हातात स्थिर धरून नराचे पोट हलकेच एका बाजूला वळवले की पकड सुटते. ओढाताण केली तर मादीच्या पोटाचे टोक जखमी होते आणि अंडी अडकतात. सोडवताना पुन्हा एकदा दोघांच्या मिशा पाहाव्यात. एका रुंद आणि एका अरुंद मिशीची जोडी डोळ्यांसमोर असते, तेवढ्या वेळात हात शिकतो.

नर समजून मादी चुकून बाजूला ठेवली गेली तर कोणाशीही जोडी न लागताही ती अंडी घालते. ती अंडी फळत नाहीत, काही दिवसांत त्यांना खळगा पडतो. फळलेले अंडे अंडाकृती, दोन्ही बाजूंनी किंचित चपटे, सुमारे ३ मिलिमीटर लांब असते आणि त्याच्या कडेने दोन तपकिरी रेषा जातात. साधारण आठ ते दहा दिवसांत अळी निघते.

अंडी घालून झालेल्या मादीला फेकून देऊ नका. पेब्रिन हा रोग मादीकडून अंड्यातून थेट अळीत जातो, म्हणून तपासणी मादीची करतात. तिच्या पोटाचा भाग वाटून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ६०० पटीने पाहतात. लंबगोल, चमकणारे बीजाणू दिसले तर त्या मादीची सगळी अंडी जाळतात. मादी आणि तिची अंडी यांवर एकच क्रमांक असेल तरच हे शक्य होते. नर समजून बाजूला टाकलेल्या मादीची अंडी तपासणीविना पिकात शिरली तर अंड्यांचा एक पुंज अख्ख्या झाडावरचे पीक बुडवू शकतो.

मधलेच काही दिसले तर

क्वचित एका बाजूची मिशी रुंद आणि दुसऱ्या बाजूची अरुंद असा पतंग निघतो. पंखही दोन रंगांचे, दोन आकारांचे. पतंगांत मादीची लिंगगुणसूत्रे वेगवेगळी असतात आणि नराची सारखी, आपल्या उलट. वाढीच्या सुरुवातीलाच पेशीविभाजनात या गुणसूत्रांची वाटणी चुकली की शरीराचा एक भाग नराचा आणि दुसरा मादीचा होतो. अशा पतंगाला बीजासाठी वापरू नये. दोन्ही बाजूंचे फोटो वरून, मिशा पसरलेल्या असताना घ्यावेत, कोशाचा क्रमांक, तारीख आणि झाडाचे नाव लिहून ठेवावे, आणि मेल्यावर पंख पसरवून सुकवून जपून ठेवावा. रांचीच्या केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा जवळच्या कीटकशास्त्र विभागात असा नमुना दाखवण्यासारखा असतो. एकाच बाजूचा फोटो मात्र काही सांगत नाही.